लग्न होईपर्यंत पुड्यांवर काढू का?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून ५१ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्या घरी शिवणकाम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना चिकुनगुनिया झाला आणि सगळे सांधे धरले. तेव्हा जाऊबाईंनी शेजारच्या गावातल्या एका गृहस्थांकडून सांधेदुखीच्या पुड्या आणून दिल्या. आराम पडला, म्हणून त्या अधूनमधून चालू राहिल्या आणि आता जवळजवळ रोज लागतात. गेल्या दिवाळीपासून उजवा पाय दुखतो. दुखणं जांघेत सुरू होतं आणि मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरतं. गावातल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि ‘वयाप्रमाणे थोडी झीज आहे’ म्हणून गोळ्या दिल्या. यंदा गौरींपुढे मांडी घालून बसता आलं नाही. पायातली जोडवी काढायला मुलीची मदत घ्यावी लागली. मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आहे. व्याही मंडळींसमोर लंगडायला नको, म्हणून त्या बैठकीच्या दिवशी दोन पुड्या घेतात. नणंदेच्या सासऱ्यांचा ‘बॉल बदलला’ आणि पुढे पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, त्यामुळे हाडाच्या डॉक्टरांची धास्ती आहे. ‘दाखवलं की ऑपरेशनच सांगतील. मुलीच्या सासरी कळलं तर आईला हाडाचं काहीतरी आहे, असं व्हायचं. लग्न पार पडेपर्यंत असंच काढलं तर चालेल ना?’ असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी सहज म्हणून एक ओळ आहे: ‘बाकी तब्येत चांगली आहे, चेहरा भरलाय, सगळे म्हणतात लग्नाचं तेज आलंय. फक्त बीपीची गोळी यंदा सुरू झाली.’

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. लग्न पुढे ढकलायचं कारण दिसत नाही. ऑपरेशन लागलंच तर तेही बहुधा लग्नानंतर करता येईल. पण तपासणी याच आठवड्यात करून घ्या. तुम्ही या दोन्हींची एकच मोट बांधली आहे. दाखवलं की ऑपरेशन, म्हणून दाखवायचंच नाही, असा तो हिशेब आहे. तो मला मोडून दाखवायचा आहे, कारण या दुखण्यात तो पुष्कळदा नेमका उलटा असतो.

मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही, गावात प्रॅक्टिस करणारी साधी कुटुंबाची डॉक्टर आहे. पत्रावरून निदान करणार नाही, तसं कुणी करूही नये. पण तुम्ही पत्र इतकं नीट लिहिलं आहे की त्यातल्या तीन गोष्टी मला गप्प बसू देत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे जागा. कंबर दुखते, पाय दुखतो, खुबा दुखतो असं सांगत आलेल्या माणसाला मी आधी ‘हात ठेवून दाखवा’ म्हणते. कुणी हात मागे, पार्श्वभागावर ठेवतं. ते दुखणं पुष्कळदा पाठीच्या मणक्यातून किंवा माकडहाडाच्या वरच्या सांध्यातून आलेलं असतं. ते मांडीच्या मागून पोटरीपर्यंत सणकत गेलं, मुंग्या आल्या, तर नस दबल्याचा संशय घ्यायचा. कुणी हात बाहेरच्या बाजूला, जिथे मांडीच्या हाडाचा उंचवटा लागतो तिथे ठेवतं आणि म्हणतं, ‘या कुशीवर झोपता येत नाही.’ चाळिशी-पन्नाशीच्या बायकांमध्ये हे फार आढळतं. तिथल्या स्नायूंच्या दोऱ्या दुखावलेल्या असतात, सांधा बहुतेक वेळा शाबूत असतो आणि नीट शिकवलेल्या व्यायामाने महिन्या-दोन महिन्यांत फरक पडू लागतो. आणि कुणी जांघेत बोट ठेवतं, किंवा अंगठा मागे आणि चार बोटं पुढे करून कमरेखालची बाजू मुठीत धरल्यासारखी दाखवतं. तेव्हा प्रत्यक्ष खुब्याच्या सांध्याकडे, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा आणि ओटीपोटाच्या हाडातली त्याची वाटी यांच्याकडे बघावं लागतं. तुमचं दुखणं जांघेतलं आहे. मांडी घालणं, जोडवी काढणं, पायाची नखं कापणं, चपलेचा पट्टा लावणं या सगळ्यांत हा गोळा वाटीत आतबाहेर फिरावा लागतो. तो फिरेनासा झाला की आधी हीच कामं अडतात. पाठीच्या दुखण्यात माणूस वाकायला कुरकुरतो, पण खुर्चीवर बसून पाय दुसऱ्या मांडीवर सहसा घेऊ शकतो. तुम्हाला तो घेता येतो का, हे आज रात्री करून बघा. जोर मात्र लावू नका.

जांघेला ढोबळमानाने खुबा म्हटलं, तरी काही वेळा हर्निया, मुतखडा किंवा बायकांच्या बाबतीत ओटीपोटातला आजारही जांघेतच दुखतो. म्हणूनही हात लावून तपासायला माणूस हवा.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. तुमचा गुडघ्याचा एक्स-रे काढला, थोडी झीज दिसली आणि विषय संपला. पन्नाशीत कुणाच्याही गुडघ्याचा फोटो काढा, थोडीफार झीज दिसते. ज्यांचा गुडघा मुळीच दुखत नाही, त्यांच्याही फोटोत दिसते. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या काही नसा एकच आहेत, त्यामुळे बिघाड वर असतो आणि मेंदूला तो खाली वाटतो. खुबा बिघडलेल्या कित्येक माणसांचे गुडघे महिनोन्‌महिने शेकले जातात. पौगंडावस्थेतल्या, विशेषतः अंगाने भरलेल्या मुलांमध्ये तर याची फार मोठी किंमत मोजावी लागते. खुब्याचा गोळा मांडीच्या हाडाच्या मानेवरून घसरलेला असतो, मुलगा ‘गुडघा दुखतो’ म्हणून लंगडतो आणि घरचे खेळताना लागलं असेल म्हणून सोडून देतात. त्या आजारात दिवसांचा हिशेब असतो. गुडघा तपासून काही सापडलं नाही, की खुबा हलवून बघणं हा तपासणीचाच भाग आहे. डॉक्टरांना तसं विचारायला लाजू नका.

आता तिसरी गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिली. चेहरा भरला, बीपी नव्याने सुरू झालं आणि पुडी घेतली की दुखण्याला आराम. सगळे तेज म्हणतात, पण मला ती ओळ वाचून काळजी वाटली.

सांधेदुखीवर बिननावाच्या, बिनलेबलच्या पुड्या देणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. अशा पुड्यांच्या तपासणीत स्टेरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन अशा स्वस्त गोळ्या कुटून घातल्या की कुठल्याही सांध्याला झटपट आराम पडतो आणि देणाऱ्याचं नाव होतं. तुमच्या पुडीत तेच आहे असा माझा दावा नाही. पण गोल होत गेलेला चेहरा, पोटावर आणि मानेमागे वाढणारी चरबी, चढलेलं बीपी, वाढलेली साखर, किरकोळ धक्क्याने पडणारे काळेनिळे डाग, खाली बसलं की मांड्यांत उठायचं बळ नसणं, ही सगळी लक्षणं एकत्र दिसली तर कुठलाही डॉक्टर आधी स्टेरॉइडबद्दल विचारेल. तुमची साखर गेल्या वर्षात कुणी तपासली आहे का? नसेल तर ती आधी बघा.

स्टेरॉइड मुळात वाईट औषध नाही. दम्याच्या झटक्यात, ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारात, करोनाच्या गंभीर रुग्णांत त्याने जीव वाचवले आहेत. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी हे वाचून पंप बंद करू नये, त्यातली मात्रा फार थोडी असते. घात होतो तो मात्रा माहीत नसताना, महिनोन्‌महिने, कुणाच्याही देखरेखीशिवाय घेतलं की.

खुब्याशी याचा संबंध असा. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात, पर्यायी वाट जवळजवळ नसते. दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत घेतलेलं स्टेरॉइड आणि अतिमद्यपान ही हा पुरवठा तुटण्याची दोन प्रमुख कारणं आहेत. रक्त थांबलं की गोळ्यातलं हाड मरू लागतं. याला एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. दवाखान्यांत तुम्हाला ‘एव्हीएन’ हाच शब्द ऐकू येईल. २०२१मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी करोनात स्टेरॉइड द्यावं लागलेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांमध्ये हा आजार आढळल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं, तेव्हा तो वर्तमानपत्रांत गाजला. हाडांच्या ओपीडीत मात्र तो त्याच्या कितीतरी आधीपासून रोजचा आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या तरुणांनाही तो होतो. सिकलसेलच्या रुग्णाची जांघ दुखत राहिली, तर ‘नेहमीची कळ’ म्हणून सोडू नये.

या आजाराची खोड अशी की सुरुवातीला साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही. वाळवी लागलेली दाराची चौकट बाहेरून रंगवलेली, धडधाकट दिसते, तसं ते असतं. एमआरआयमध्ये मात्र दिसतं. या टप्प्यात सापडलं तर सांध्यावरचा भार कमी करणं, काही औषधं, गोळ्यात छिद्र करून आतला दाब उतरवणारी छोटी शस्त्रक्रिया असे गोळा वाचवण्याचे प्रयत्न करता येतात. ते सगळ्यांत यशस्वी होत नाहीत, पण संधी असते. एकदा गोळा चेपला, खचला, की ती संधी गेली. मग खचलेला सांधा सोसवेल तितके दिवस सोसायचा आणि नंतर बदलायचा, एवढंच उरतं.

आता तुमचा हिशेब पुन्हा मांडू या. आजार पुढच्या टप्प्यातला असेल, सांधा झिजून किंवा खचून गेलेला असेल, तर ऑपरेशनची तारीख बहुतेक वेळा तुमच्या सोयीने ठरते. तीन महिने थांबून लग्नानंतर केलं तरी सहसा बिघडत नाही. आजार सुरुवातीचा असेल तर मात्र हे तीन महिनेच मोलाचे आहेत आणि पुडीच्या जोरावर तो पाय लग्नघरात दिवसभर राबवणं म्हणजे गोळा खचायला हातभार लावणं. यातलं तुमचं कोणतं, हे तपासल्याशिवाय कळणार नाही. म्हणजे जिला ऑपरेशन टाळायचं आहे, तिनेच लवकर जायला हवं.

आणि कदाचित यातलं काहीच नसेल. साधा झिजेचा संधिवात असू शकतो, तो खुब्यालाही होतो. चिकुनगुनियानंतर रेंगाळलेली सांध्याची सूज असू शकते. दिवसभर शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय चालवून मांडीच्या पुढचा स्नायू धरलेला असू शकतो. तसं निघालं तर उत्तमच.

दवाखान्यात काय होईल ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. डॉक्टर तुम्हाला चालायला लावतील, एका पायावर उभं करतील, आडवं झोपवून पाय गुडघ्यात वाकवून आतबाहेर फिरवतील. खुब्याचा दोष असेल तर पाय आत वळवताना बहुधा जांघेत कळ येते. मग एक्स-रे. तो दोन्ही खुबे एका फोटोत येतील असा, संपूर्ण ओटीपोटाचा काढतात, कारण दोन बाजूंची तुलना हवी असते आणि एव्हीएन पुष्कळदा दोन्हीकडे असतो, एकीकडे अजून दुखत नसलं तरी. एक्स-रे स्वच्छ आला आणि तरी जांघ दुखतच असेल, तर तुमच्या पुड्यांचा इतिहास सांगून ‘एमआरआय लागेल का?’ हे तुम्हीच विचारा. रक्तात साखर, मूत्रपिंडाचं काम, सूज दाखवणाऱ्या चाचण्या आणि गरज वाटली तर सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, बघतील.

हे शेवटचं नाव लक्षात ठेवा. पुढची सूचना फार महत्त्वाची आहे. हे वाचून उद्यापासून पुड्या एकदम फेकून देऊ नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. ते अचानक तोडलं तर गळून जाणं, उलट्या, बीपी एकदम खाली येणं, क्वचित जिवावर बेतणं असंही होतं. फिजिशियनना पुडी दाखवा. ते हिशेबाने कमी करत आणतील. तोपर्यंत बैठकीच्या दिवशी दोन, हा प्रकार बंद. आणि पुडी चालू असताना ताप आला, उलट्या लागल्या किंवा कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर ‘मी अशा पुड्या घेते’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

मेडिकलमधून मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दलही दोन शब्द. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक अशा गोळ्या चार दिवस घेणं वेगळं आणि बीपीच्या गोळीसोबत महिनोन्‌महिने घेणं वेगळं. त्यांनी बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो, जठरात व्रण होतात. स्टेरॉइडची भर पडली तर व्रणातून रक्तस्रावाचा धोका आणखी चढतो. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉल पुरलं तर बरं. पण एकाच गोळीत दोन औषधं असलेल्या जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल पुष्कळदा आधीच असतं, त्यामुळे दोन्ही एकत्र घेऊन नकळत मात्रा दुप्पट होते. गोळीच्या पट्टीवरची नावं मुलीकडून वाचून घ्या.

आता ऑपरेशनच्या भीतीकडे येते. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला खुबा बदलण्याची जी पद्धत बसवली, तिच्यावरच आजची शस्त्रक्रिया उभी आहे. माणसाला वेदनेतून सोडवणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये ही सगळ्यांत भरवशाच्या मोजक्यांपैकी एक मानली जाते. बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहतात. २०१९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून आलेला अंदाज असा होता की बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षांनंतरही टिकलेले असतात. तुमच्या नणंदेच्या सासऱ्यांना पुन्हा ऑपरेशन का लागलं, हे त्यांचे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, पडणं, अनेक कारणं असतात. धोके आहेतच. पण एका उदाहरणावरून सगळ्यांचं ठरवायचं, तर ज्यांचं चांगलं झालं ते लोक चालत-फिरत असतात आणि त्यांची गोष्ट कुणी सांगत बसत नाही, हेही लक्षात घ्या.

शेवटी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणार तुम्हीच. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तर विचारा: आजार कोणत्या टप्प्यात आहे, सहा महिने थांबलो तर काय बिघडेल, बदलल्यावर मला मांडी घालता येईल का, उकिडवं बसता येईल का. या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक शल्यचिकित्सक वेगळी देतो, कारण ती शस्त्रक्रियेच्या वाटेवर आणि बसवलेल्या सांध्यावर अवलंबून असतात. दुसरं मत घेण्यात अपमान वगैरे काही नसतो. एक्स-रेच्या फिल्म मागून घ्या, त्या तुमच्याच आहेत. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ते योजनेतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळतं, म्हणून भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठून तुमचा उपचार त्यात बसतो का ते विचारा. जिल्हा रुग्णालयातही हाडांचा विभाग असतो. पहिल्या तपासणीसाठी पुण्या-मुंबईला जायची काही गरज नाही.

हे सदर तुमच्यासारख्या आणखीही पुष्कळ जणी वाचतात, म्हणून थोडं विषयांतर. ताईंनी एक आठवडा घेतला तर चालेल. पण काही प्रसंगी तासही घालवायचे नसतात. घरातलं वयस्कर माणूस न्हाणीघरात घसरलं, उठता येत नाही, पडलेला पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरा. मालिश नाही, ओढून ‘बसवणं’ नाही, १०८ला फोन करा. शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर ती माणसं पुन्हा उभी राहण्याची शक्यता वाढते. ‘या वयात कशाला’ म्हणून अंथरुणावर ठेवलेली माणसं न्यूमोनियाने आणि शय्याव्रणांनी जातात. कधी हाड मोडून एकमेकांत रुतलेलं असतं आणि म्हातारी चार पावलं चालतेही, म्हणून ‘चालतेय ना’ यावर भरवसा नको. पडल्यानंतर जांघ दुखत राहिली तर पहिला एक्स-रे ठीक आला तरी पुन्हा दाखवा.

ताप आणि सांध्यात इतकी कळ की पाय हलवू देत नाही, हे लहान मुलात दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. सांध्यात पू झाला असेल तर तो काही दिवसांत गोळा खाऊन टाकतो. पाठ-पाय दुखत असताना लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बैठकीच्या जागेवर बधिरपणा आला, तर रात्र असली तरी निघा. थोड्या सवडीने, पण टाळू नये अशीही काही आहेत. संध्याकाळी येणारा बारीक ताप, उतरणारं वजन आणि लंगडणं, यात खुब्याच्या क्षयाचा विचार करायचा, तो आपल्याकडे अजून आहे आणि औषधांनी बरा होतो. पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाला रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं. आणि पंचविशी-तिशीतला तरुण, ज्याची कंबर-पार्श्वभाग पहाटे आखडतो आणि हिंडल्यावर मोकळा होतो. त्याला ‘जिम कमी कर’ सांगण्याऐवजी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवा.

ताई, तुमच्याकडे परत येते. तपासणी होईपर्यंत आणि नंतरही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट म्हणजे काठी. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा दुखतो, तर काठी डाव्या हातात. सिनेमातले म्हातारे सर्रास उलटी धरतात. एका पायावर भार येतो तेव्हा त्या खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीनपट जोर पडतो आणि विरुद्ध हातातली काठी तो बराच उतरवते. खाली बसून निवडणं, धुणं, भाकरी थापणं सध्या बंद करून ओट्यावर आणि स्टुलावर आणा. संडासात खुर्चीचा कमोड मिळतो, तो ठेवा. मशीनचा पायटा थोडे दिवस राहू दे, लग्नाची ब्लाउजं दुसरीकडे टाका. किंवा मशीनला मोटर बसवून घ्या, आणि पायाचं बटण डाव्या पायाने चालवा. शेक घ्यायला, हलक्या हाताने तेल लावायला काही हरकत नाही, बरं वाटतं. पण पाय ताणून, पिळून, कडकन आवाज काढणाऱ्या कुणाच्याही हाती निदान होईपर्यंत देऊ नका. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिका. मांडी घालता येत नाही म्हणून रोज थोडी थोडी जबरदस्तीने घालून बघायची, हा व्यायाम नव्हे.

राहिले व्याही. दडवण्यामागची तुमची कळकळ मला कळते. मुलीच्या लग्नात आईने दुखणं घेऊन बसायचं नाही, असं आपल्याला शिकवलेलं असतं. पण पुडी किंवा औषधामुळे झालेला एव्हीएन आईकडून मुलीकडे जात नाही. झिजेच्या संधिवातात घराण्याचा थोडा वाटा असतो, तो जवळजवळ सगळ्याच घरांत सापडेल. त्यावरून सोयरीक मोडायची म्हटलं तर महाराष्ट्रात लग्नंच होणार नाहीत. व्याह्यांना सगळा रिपोर्ट वाचून दाखवायची गरज नाही. ‘पाय दुखतो, डॉक्टरांनी खाली बसू नका सांगितलंय’ एवढं पुरे, आणि ते काठी हातात असताना सांगितलं तर पुढचे प्रश्नही कमी येतात. मुलीला मात्र सगळं सांगा. जोडवी तिनेच काढली आहेत, तिला अर्धं कळलेलं असणार. डॉक्टरांकडे जाताना तिला किंवा यजमानांना सोबत न्या. पुडी जशी मिळते तशीच कागदासकट, गुडघ्याचा एक्स-रे आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घ्या.

कन्यादानाला पाटाऐवजी दोन खुर्च्या मांडायला भटजींना आधी सांगून ठेवा. हल्ली निम्म्या लग्नांत तसंच होतं आणि त्यांनाही त्यात नवल वाटत नाही. हॉलची अनामत देण्याआधी एकदा जाऊन या. जेवणाचा मजला वर असेल तर लिफ्ट चालू असते का, स्टेजला बाजूने कठडा असलेल्या पायऱ्या आहेत का आणि वधूपक्षाच्या खोलीला कमोड आहे का, हे बघा. कमोड नसेल तर मालकाला आत्ताच सांगा. तीन महिन्यांत तो बसवून होतो.